लेकीचा पाळणा की सुनेचा?

कठडा तुटला तेव्हा मी जिन्याच्या खालच्या पायरीशी गुलाबाच्या पाकळ्यांचं ताट घेऊन उभी होते. आधी लोखंडाचा आवाज आला, मग पोरांचा. वरून पोरं खाली आली, त्यांच्याबरोबर काही मोठी माणसंही आली. जिन्याखाली मोडकी बाकं रचून ठेवली होती, ती सगळी त्यांच्या वजनानं आडवी झाली. धुरळा असा उठला की समोरचं माणूस दिसेना. ताट मी कधी टाकलं ते मला आठवत नाही.

हाताला लागेल ते पोर उचलायचं आणि मागं द्यायचं, एवढंच चाललं होतं. मागं कोण उभं आहे ते बघायला वेळ नव्हता. कोणी तेलुगूत रडत होतं, कोणी कानडीत, कोणी मराठीत. एक बाई "ना बिड्डा, ना बिड्डा", माझं लेकरू, करत माझ्या पाठीवर चढू बघत होती, तिला मी कोपरानं मागं ढकललं. तिचंच पोर त्या वेळी माझ्या हातात होतं. बाबूभाई म्हणून एक रिक्षावाला रोज पोरं सोडायला यायचा. त्यानं फाटकातून रिक्षा थेट आत घातली. "मौसी, देखते मत बैठो, देते जाव," म्हणाला, आणि रक्त निघालेली पोरं भरून दवाखान्याकडे निघाला.

माणसांचा ढीग संपला. दिसत होती ती पोरं निघाली. मग आमच्या मुख्याध्यापिका गायकवाड बाई माझ्याजवळ आल्या. चष्म्याची एक काच गेली होती. त्यांनी विचारलं, "शालनबाई, सगळी निघाली का?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघींकडे असायला हवं होतं. शाळेत किती पोरं येणार हे आधी सांगणं हे आमचंच काम होतं, आणि आमचा अंदाज फारसा चुकत नसे. पण त्या सकाळी शाळेत किती पोरं आहेत हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. ते का, हे समजायला आधी आमचं काम समजायला पाहिजे.

मी चौथी शिकलेली बाई. माहेर करमाळा तालुक्यातलं केम. लग्न होऊन सोलापुरात आले, नवरा यंत्रमागावर होता. तो लवकर गेला, मग मी पालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शाळा अक्कलकोट रोडच्या आतल्या बाजूला, एमआयडीसीच्या अलीकडे. मी लागले तेव्हा शाळेच्या मागं बाभळी होत्या आणि खिडकीतून शेळ्या आत डोकवायच्या. पुढं एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने वाढत गेले तशी वस्ती आमच्या अंगावर चालून आली. आज पत्र्याची खोली, पुढच्या वर्षी विटांची, त्याच्या पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरी. शाळा मात्र मागितल्याशिवाय वाढत नाही.

लोकांना वाटतं, जूनमध्ये शाळा उघडते, पोरं येतात, गुरुजी शिकवतात. तसं नसतं. पुस्तकं छापून यायची तर किती लागणार ते उन्हाळा लागतानाच कळवावं लागतं. तांदूळ पोरांच्या पटावर येतो. शिक्षक पटावर मिळतात. आणि खोली हवी असेल तर आज मागायची, मग कागद फिरत राहतो, आणि खोली उभी राहते तेव्हा पाळण्यातलं पोर चालत आलेलं असतं. म्हणून आम्हाला पुढच्या जूनचं नाही, पुढच्या पाच-सहा जूनचं सांगावं लागे. कमी सांगितलं तर पोरं भिंतीला टेकून उभी. जास्त सांगितलं तर वर्ग रिकामा दिसतो आणि एक शिक्षक उचलून दुसऱ्या शाळेत टाकतात. तो एकदा गेला की परत मिळत नाही. म्हणजे दोन्हीकडून मार.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. शाळेच्या भिंतीच्या आतलं बाईंचं, बाहेरचं माझं. बाईंचं डोकं या बाबतीत फार चांगलं चाले. पहिलीत आलेल्यांपैकी दुसरीत किती टिकतात, चौथीपर्यंत किती, गावाकडे किती परत जातात, हे त्या मागच्या सालांवरून काढत. इंग्रजी शाळेची गाडी आमच्या वस्तीत यायला लागली तेव्हा सगळ्या शिक्षकांचे चेहरे पडले. टाय लावलेली पोरं गाडीत बसून जुळे सोलापूर भागाकडं निघाली की आमच्या फाटकाकडं बघून हात हलवायची. बाई म्हणाल्या, "यांच्या जागा ठेवा. दिवाळीनंतर यातली बरीच येतील." आली. घरी कोणी अभ्यास घेऊ शकत नाही, पोर मुकं होऊन बसतं, आणि बाप एक दिवस टाय खिशात कोंबून पोराला आमच्याकडं आणतो. बाईंनी त्या वर्षापासून 'परत येणारी' असा एक आकडाच वेगळा काढायला सुरुवात केली.

माझं काम गल्लीतलं. उन्हाळ्याच्या तोंडाला मी घरोघर फिरायची. तिथं पहिली अडचण अशी की आमच्या वस्तीत पोरं मोजू देत नाहीत. नजर लागते म्हणतात. "किती लेकरं तुम्हाला?" म्हणून विचारलं की बाई तोंड फिरवते, किंवा एक कमी सांगते. पद्मशाली विणकरांच्या घरातल्या एका आजीनं तर मला हाकलूनच दिलं होतं. "कोंबड्या मोजायला आलीस व्हय गं?" म्हणाली. तेव्हापासून मी पोरांचं नावच काढायचं सोडलं. पाणी मागायचं, उंबऱ्यात टेकायचं, आणि विचारायचं, "एवढ्या सकाळी कितीजणांचं पाणी तापवता हो?" बाया लगेच सुरू होतात. सासऱ्याला कढत लागतं, धनी गारच घेतो, मोठ्याला दोन बादल्या, बारकी दोघं एकाच बादलीत. अंघोळीच्या पाण्याला नजर लागत नाही. सगळं घर त्या बादल्यांत येतं, वयासकट.

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. इरण्णा नावाचा एक मुलगा दोन शाळांच्या पटावर होता. सकाळी आमच्याकडं, दुपारी पलीकडच्या शाळेत. दोन्हीकडची खिचडी खायचा. पलीकडची शाळा म्हणे आमचा, आम्ही म्हणतो आमचा. त्याच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "दोन शाळा शिकतोय माझा, तुमच्या पोटात का दुखतंय?" बाईंना हसू आवरेना. शेवटी त्यालाच विचारलं, कुठली शाळा पाहिजे. "जितं मटकीची उसळ असती ती," म्हणाला. आम्ही मटकी सोडली नाही, आणि तो आमच्याकडं राहिला.

आता पाळण्याचं सांगते. बाईंचा हिशोब असा होता की आज घरात पाळणा दिसला की सहा वर्षांनी पहिलीत एक पोर. मी पाळणे बघत फिरले. एका वर्षी तर प्रत्येक गल्लीत पाळणे, दारादारांत बाळंतिणीची धुरी. मी धावत येऊन बाईंना सांगितलं, दोन वर्ग वाढवून मागा. सुदैवानं कागद जायच्या आधी अंगणवाडीच्या ताईंनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "अगं शालनमावशे, हे पाळणे लेकींचे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्यात. सव्वा महिन्यानं, लई तर तीन महिन्यांनी पाळणा रिकामा. ती पोरं शाळेत जातील ती बापाच्या गावात."

झालं, तिथून आमचा नियम ठरला. पाळणा दिसला की विचारायचं, लेकीचा की सुनेचा? सुनेचा असेल तर धरायचा, लेकीचा असेल तर सोडायचा. आणि ज्या घरात सून होती, पण दोरीवर तिची साडी नाही, चुलीशी सासूच दिसते, त्या घरात पाळणा नसला तरी एक धरायचं. ती माहेरी गेलेली असते आणि पोर घेऊन येणार असते. नसलेला पाळणा धरायचा आणि असलेला सोडायचा. बाहेरच्याला हे वेडेपणाचं वाटेल, पण या नियमानं आमचे आकडे असे जमू लागले की पालिकेच्या शिक्षण ऑफिसातले साहेब आमच्या शाळेचा कागद वर ठेवून घेत. बाई दर वर्षी जून उलटला की मला बोलवून आकडा दाखवत आणि दोघींत एक पेढा अर्धा अर्धा खात. मला त्या अर्ध्या पेढ्याचा अभिमान होता, आणि आजही आहे. आमच्या शाळेत एवढी वस्ती येऊन आदळली, पण वर्षानुवर्षं एकही पोर जागा नाही म्हणून व्हरांड्यात बसलं नाही. हे मी केलं. बाईंनी आणि मी.

मग वस्तीत एक बदल झाला, आणि तो कोणी तोंडानं सांगेना.

कारखान्यांना माणसं कमी पडायला लागली. अक्कलकोटकडून, कर्नाटकाच्या हद्दीकडून जवान पोरं यायला लागली. त्यांत आमच्या वस्तीतल्या लेकींचे नवरेही होते. खोली कुठं शोधणार? सासऱ्याच्या घरामागं एक पडवी असतेच. जावई आला, मग लेक आली, मग पोरं. पण जावई सासरवाडीत राहतो हे आमच्याकडं सांगत नाहीत. गल्ली त्याला घरजावई म्हणून चिडवते, त्याच्या भावकीत नाक कापलं जातं, आणि सासऱ्यालाही बोल लागतो की लेकीला धड घर बघून दिलं नाही. म्हणून सगळ्या घरांनी एकच शब्द धरला. पाहुणे.

नीलव्वाचं घर मला चांगलं आठवतं. कानडी बोलणारी म्हातारी, शेंगांची चटणी कुटून विकायची. तिच्या उंबऱ्यात मी टेकले तर एक मुलगी परडीत शेंगा सोलत बसलेली.

"ही कोण गं?" मी विचारलं.

"लेकीची. पल्लवी. सुट्टीला आलीया."

"मागच्या दिवाळीलाबी हितंच होती की."

"तवा दिवाळीला आल्ती."

"आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत दिसली ती?"

"जत्रंला पाव्हणं येत न्हाईत व्हय?"

"नीलव्वा, तुमची पाहुणी जाते तरी कधी?"

"तुला काय करायचंय? शेंगा खा," म्हणाली आणि मूठभर शेंगा माझ्या ओटीत टाकल्या. पाठीमागच्या दोरीवर गड्याचा शर्ट वाळत होता, त्याच्या खांद्यावर मागाचा कापूस चिकटलेला. नीलव्वाच्या घरात गडीमाणूस नव्हता. नवरा वारलेला, मुलगा नाहीच. मी शर्टाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. मी ओटीतल्या शेंगा सावरत उठले. शाळेच्या बाईनं घरात जावई धरला, असा बोभाटा झाला असता तर मला पुढच्या वर्षी कोणी उंबऱ्यात बसू दिलं नसतं. आणि नियम साधा होता. लेकीचं पोर सोडायचं.

अशी घरं किती होती ते तेव्हा कळलं नाही. प्रत्येक घरात एखाद-दुसरं पाहुणं पोर. प्रत्येक घराला वाटायचं, आपलंच असं आहे.

बाईंनी त्या वर्षीचा आकडा दिला. पुस्तकं त्याप्रमाणे आली. वर्ग त्याप्रमाणे लावले. पहिलीचा एक वर्ग खाली, एक वर. पुस्तकं वरच्या खोलीत ठेवली, कारण खाली पाणी शिरायचं.

शाळेचा पहिला दिवस आमच्याकडं सणासारखा करतात. फाटकाला तोरण, पोराच्या अंगावर पाकळ्या टाकायच्या, हातात नवं पुस्तक द्यायचं. सकाळी सगळं नीट चाललं होतं. मग एक म्हातारी आपल्या लेकीच्या पोराला घेऊन आली. बाईंनी नावसुद्धा नीट विचारलं नाही. "वर नेऊन बसवा, नंतर लिहू," म्हणाल्या. आलेलं पोर परत पाठवायचं नाही हा कायदा होता, आणि बाईंचा स्वभावही तसाच होता. ती म्हातारी फाटकाबाहेर गेली आणि गल्लीत बातमी फुटली. "घेत्यात. काय इचारत न्हाईत."

एवढंच पुरलं. वर्ष-दोन वर्षं दाबून ठेवलेले पाहुणे घराघरांतून बाहेर निघाले. अंघोळ घालून, तेल लावून, आज्या त्यांना घेऊन आल्या. कोणी सातचं, कोणी आठचं. एकीनं दुसरीला फाटकात बघितलं आणि दोघी चाट पडल्या. "तुज्यातबी हाय व्हय?" "आन् तुज्यात?" मला हसू येत होतं. मी पाकळ्या टाकत होते आणि पोरं वर पाठवत होते. त्यांची नावं कुठंच लिहिलेली नव्हती. ती वरच्या खोलीत, वरच्या व्हरांड्यात, जिन्यावर थांबली होती.

मग वरून कोणीतरी ओरडलं, "पुस्तकं संपली!"

संपणारच. आमच्या आकड्याइतकीच आली होती. पण खालच्या बायांना वाटलं, आपल्या पोराला मिळणार नाही, म्हणजे आपल्या पोराला घेणार नाहीत. एवढी लाज सोडून आणलं आणि आता परत न्यायचं. त्या पोरांना पुढं ढकलत जिना चढायला लागल्या. वरून पुस्तकं मिळालेली पोरं उतरायला लागली. जिना अरुंद, मध्यावर वळण, बाहेरच्या बाजूला जुना कठडा. मी खालून ओरडले, "थांबा! उतरू द्या आधी!" माझं कोण ऐकतंय.

तर बाई विचारत होत्या, सगळी निघाली का.

लिहिलेल्या पोरांची नावं वाचून उपयोग नव्हता. पडलेल्यांत निम्मी बिननावाची. काही पोरं दवाखान्यात गेली, काही घाबरून घराकडं पळाली, काही आयांनी उचलून नेली. वाकून बाकांच्या ढिगात बघितलं तर आत नुसता अंधार आणि धूळ. ढीग असा गुंतला होता की एक बाक ओढलं तर दुसरं खाली बसत होतं. आत कोणी नसेल तर घाई करून उपयोग नाही, आणि असेल तर प्रत्येक क्षण जड. आत कोणी आहे का, एवढंच कळायला हवं होतं. मैदानात तर एवढा आरडाओरडा की ढिगातून कोणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती.

बाई पायरीवर चढल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण वर्गातला होता. "सगळ्यांनी उभं राहा. तोंड बंद." त्या गर्दीतल्या कितीतरी आया बाईंच्याच हाताखाली शिकलेल्या. आपोआप गप्प झाल्या. बाई म्हणाल्या, "ज्याचं लेकरू हाताशी आहे, किंवा दवाखान्यात नेलं हे डोळ्यांनी बघितलंय, त्यांनी खाली बसा. बाकीच्यांनी उभं राहायचं."

बाया बसायला लागल्या. मैदानात माती होती, नव्या साड्या होत्या, तरी बसल्या. उभ्या होत्या त्यांच्यातून मी फिरले. एकीचं पोर बाबूभाईनं नेलेलं, तिच्या जावेनं बघितलं होतं, तिला बसवलं. एकीचं पोर पाण्याच्या टाकीमागं लपलेलं सापडलं, तिनं त्याला आधी दोन चापट्या मारल्या आणि मग ती बसली. दोघी-तिघी राहिल्या, त्यांचीही पोरं मिळाली. शेवटी फाटकाशी नीलव्वा एकटी उभी.

मी विचारलं, "नीलव्वा, तुमचं कोण?"

"यारू इल्ल," ती म्हणाली. कानडीत, कोणी नाही.

"मग बसा खाली."

ती बसेना. हातातल्या पिशवीचे बंद पिळत होती. सगळी वस्ती खाली बसून तिच्याकडं बघत होती. तिच्या शेजारणी, तिच्याकडून चटणी नेणाऱ्या बाया, जावयाच्या गावाकडचीही दोन माणसं होती त्यांत. वस्तीत तिनं आजवर मान ताठ ठेवली होती.

"नीलव्वा, लाज उद्या धरा. पोरगी कुठं हाय?" मी ओरडले.

"पाव्हणी हाय ती," ती पुटपुटली. मग एकदम तिचा आवाज फुटला. "न्हाय, पाव्हणी न्हाय. माझ्या लेकीची हाय. जावय माझ्यातच ऱ्हातोय, दोन वरसं झाली. ऐकलं का समद्यांनी? हितं वर पाठीवली मी तिला. आजून आली न्हाय. यव्वा, माझी पल्लवी आत हाय!"

कोणी हसलं नाही. बसलेल्या बायांतून एक उठली, मग तिची शेजारीण, मग सगळ्याच. कारखान्याकडून सायकलवर निघालेले गडी फाटकात जमले होते, ते आत आले. आता आत कोणी आहे हे ठाऊक होतं, त्यामुळं कोणी बाक ओढलं नाही, उचललं. वरून एक, मग एक. बाई कुठलं आधी ते सांगत होत्या आणि गडी निमूट ऐकत होते. त्या गड्यांत पांढरा कापूस लागलेला एक शर्ट मला दिसला. तो माणूस एकामागून एक बाकं उचलत होता, आणि त्याच्या हाताला खिळा लागून रक्त निघत होतं.

भिंतीच्या कोपऱ्यात दोन बाकांच्या मध्ये ती अडकली होती. डोळे उघडे, अंगभर धूळ, आवाज नाही. मी लहान चणीची म्हणून मला आत सरकवलं. तिच्या तोंडावरची धूळ पुसायला हात पुढं केला तर तिनं हाताला कडकडून चावा घेतला. मी बाहेर ओरडले, "चावती हाय! जिती हाय!" बाहेर नीलव्वा मटकन खाली बसली.

पुढं चौकशी झाली. साहेब आले, चांगले होते, आरडाओरडा केला नाही. "अंदाज कोणी काढला होता?" त्यांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"आम्ही," मी म्हणाले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. शिपाईबाई मध्ये बोलते म्हणून बघितलं असेल. मी तिथून हलले नाही. बाकीच्या वर्षांची शाबासकी दोघींनी खाल्ली होती, तर या वर्षाचं बोलणंही दोघींनी खायला हवं. साहेबांनी विचारलं, एवढी पोरं कुठून आली? आम्ही पाहुण्यांचं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "माझ्या बहिणीचा नवरा पण आमच्याकडं असाच राहतो हो." मग लगेच खोकले आणि कागदाकडं वळले.

कठड्याच्या जागी भिंत बांधली. दुसरा जिना झाला. मोडकी बाकं गेली. खाली तीन खोल्या वाढल्या, त्यासाठी मात्र बाईंना ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यापासून मी उंबऱ्यात बसले की पाण्याचं विचारायची आणि पुढं म्हणायची, "आणि पाहुण्यांना किती बादल्या?" बाया न लाजता सांगत. नीलव्वानं सगळ्या वस्तीसमोर एकदा बोलून टाकल्यावर बाकीच्यांना लपवायला काही उरलंच नव्हतं. लेकीचा पाळणा सोडायचा हा आमचा नियम आम्ही मोडला. बाईंनी नवा केला. लेकीचा असेल तर वर्षानं पुन्हा बघायचं, तिथंच असेल तर धरायचं. मी निवृत्त होईपर्यंत आमचा आकडा परत जमत गेला, आणि अर्धा अर्धा पेढाही.

काही शाळांना वस्ती ओस पडल्यानं कुलूप लागतं. आमच्या शाळेला आता वर तिसरा मजला चढतो आहे. मी कधी बाजाराला गेले की फाटकाशी थांबते. नवा शिपाई मला ओळखत नाही, "आजी, काय काम हाय?" म्हणून विचारतो. काम काही नसतं. मी दोरीवरच्या चड्ड्या-फ्रॉक बघत घरी येते. पुढच्या दोन-तीन जूनला त्यांना खोल्या कमी पडतील, असं मला वाटतं. सांगणार कोणाला, आणि ऐकणार कोण. पण पडतील.

त्या दिवशी जिन्यावरून खाली आलेल्यांपैकी कोणीही गेलं नाही. ज्यांचे हात मोडले त्यांचे जुळले. एका पोराला कानानं कमी ऐकू येतं, ते आधीचं की पडल्याचं हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. गायकवाड बाई जुळे सोलापुरात लेकाजवळ असतात. नीलव्वा बरीच वर्षं चटणी कुटत होती, नंतर म्हातारपणानं गेली. पल्लवीचा डावा पाय थोडा आखूड राहिला. ती अकरावीला आहे, आणि आईबापांबरोबर आजीच्याच घरात राहते.